मन्मथप्पांची सहल

मन्मथप्पांच्या घरी गेलात तर पाणी मिळायच्या आधी तुमचा मोबाईल जातो. ते दारातच हात पुढं करतात, "आना हिकडं" म्हणतात, आणि मोबाईल बंद करून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकतात. मग दाराला आतून कडी. मग बसलेल्यांवरून एकदा बोट फिरतं, ओठ हलतात, आणि आकडा जुळला की स्वयंपाकघराकडं आवाज जातो, "नग पुरे हायत. च्या टाका." माझ्या फोनच्या भोकांत ते पीठ कायमचं बसलंय. मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा तिला वाटतं, बाबांना सर्दी झालीय.

नांदेडात आमची आणि त्यांची भिंत एक. अप्पा मूळचे उदगीरकडचे, लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, अंगात कडक इस्त्रीचा खादीचा शर्ट आणि डोक्यात पक्ष. कोणता पक्ष ते मी सांगणार नाही, कारण अधूनमधून त्यांनाच विचारून घ्यावं लागतं. पक्ष फुटला, परत जुळला, पुन्हा फुटला, नाव बदललं, चिन्ह गेलं, नवं आलं. अप्पा होते तिथंच आहेत. त्यांना कधी तिकीट मिळालं नाही. गल्लीतल्या गणेश मंडळानंसुद्धा त्यांना अध्यक्ष केलं नाही. पण पक्षात एक खातं त्यांचं होतं आणि त्या खात्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात कोणी नव्हता. ते खातं म्हणजे सहल.

सहल म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. पंचायत समितीच्या सभापतीची नाहीतर नगराध्यक्षाची निवड जवळ आली की आपले मेंबर समोरच्यांनी पळवू नयेत म्हणून आपणच ते आधी पळवायचे. गाडीत घालायचे, कुठंतरी लांब नेऊन ठेवायचे, खाऊपिऊ घालायचे, आणि मतदानाच्या दिवशी सभागृहाच्या दारात नेऊन सोडायचे. तोवर त्यांच्यावर नजर ठेवायचं काम अप्पांचं. मोबाईल जमा. कडी आतून. लघवीला जोडीनं. दारात खाट टाकून अप्पा स्वतः आडवे. मेंबर कितीही मोठा असो, अप्पांचं एकच वाक्य, "शिस्तीत घ्या मालक, वरून आदेश हाय."

आता हे वरचं म्हणजे नेमकं कुठलं, ते विचारायची सोय नाही. डॉक्टरनं साखर बंद केली तेव्हाही अप्पा बिनसाखरेचा चहा पुढं ओढून म्हणाले, "वरून आदेश हाय." घरात कुठली भाजी करायची याचा ते रोज सकाळी व्हिप काढतात. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू तो ऐकून घेतात आणि वांगं करतात. कायद्यानं पक्षातून फुटून निघायला दोन तृतीयांश माणसं लागतात म्हणे. काकू एकट्याच दोन तृतीयांश आहेत.

एकदा त्यांच्या पुतण्याचं लग्न औशाला होतं. नांदेडहून वऱ्हाडाची बस निघाली. मी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढला, मला माणसं मोजायची सवय, पण अप्पांपुढं मीही नवशिका. त्यांनी बस सुटताना नग मोजले, दारापाशी बसले आणि दार लावून घेतलं. त्या बसमध्ये एक बिचारा गृहस्थ लिफ्ट मिळाली म्हणून चढला होता. त्याला लातूरला उतरायचं होतं, कोर्टात तारीख होती. अप्पा म्हणाले, "एकदा मोजला की आपला. आता उतरता येनार न्हाई." तो रडकुंडीला आला. शेवटी औशाला गेला, जेवला, अक्षता टाकल्या, आणि फोटोत नवरदेवाच्या उजव्या बाजूला उभा आहे. अजून त्या घरात तो कोण म्हणून भांडणं होतात.

असा हा माणूस, आणि त्याचं कंधारला वाटोळं झालं.

झालं असं की कुठल्याशा सभापतीच्या निवडीला अप्पांनी मेंबरांना कंधारचा किल्ला दाखवायला नेलं. त्यांचा हिशेब सरळ होता. किल्ला म्हणजे काय, तर जिथून कोणी निसटू शकत नाही ती जागा. राजेलोकांनी एवढे दगड उगीच रचले का. तीन मेंबर जोडीच्या नियमात बसत नव्हते, म्हणून त्यांना तिघं मिळून लघवीला सोडलं. ते किल्ल्यातून जे गेले ते दुसऱ्या दिवशी सभागृहात समोरच्या बाजूला हात वर करताना दिसले. पक्षाचा सभापती पडला. जिल्हाध्यक्षांनी अप्पांना काही बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. त्यानंतर सहली झाल्या, मेंबर गेले, मेंबर आले, पण अप्पांना फोन आला नाही.

तेव्हापासून अप्पा त्या फोनची वाट बघत. तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण काकू भिंतीवरून सांगायच्या, "आंघोळीला बी फोन घेऊन जायलेत वो. साबनाच्या खोबणीत ठिवतेत." आणि त्यांची सहलीची बॅग कायम भरलेली. आत टॉर्च, कुलूप, मच्छरदाणीच्या दोऱ्या आणि जुलाबाच्या गोळ्या. मी चिडवायचो, "अप्पा, ती बॅग आता म्हाताऱ्यांच्या प्रदर्शनात ठेवा." ते हसायचे नाहीत. "कंट्रोलर," म्हणायचे, "येळ आली की पक्षाला जुनं मानूसच आठवतंय."

आणि यंदा वेळ आली. साधीसुधी नाही, थेट दिल्लीची.

दिल्लीतलं सरकार एकाएकी लटपटायला लागलं. अप्पांच्याच पक्षातले काही खासदार रुसले, फुटले, विमानात बसून परराज्यातल्या कुठल्या रिसॉर्टवर जाऊन बसले. पक्षानं व्हिप काढला, बंडखोरांनी आपला वेगळा प्रतोद नेमून उलटा व्हिप काढला. विश्वासमताचा दिवस ठरला. टीव्हीवर रात्रंदिवस बेरजा. आणि त्या फुटलेल्यांत आमच्या भागाचे खासदार दिगंबररावही होते. त्यांचा फोटो लाल गोलात दाखवायला लागले तेव्हा अप्पा टीव्हीसमोर उभे राहिले. "ह्यो तर आपला दिगंबर," म्हणाले. "नवा नवा नगरसेवक व्हता तवा माझ्या सहलीत आल्ता. लई गरीब पोरगं. दोनदा वाढा म्हनायची बी लाज वाटायची."

मग त्यांना खात्रीच पटली. उरलेले खासदार फुटू नयेत म्हणून पक्षाला ते कुठंतरी ठेवावे लागणार. कुठं ठेवणार, कोण सांभाळणार. फोन येणारच. काकूंच्या माहेरची अर्धापूरला केळीची बाग आहे. अप्पांनी तिथल्या पत्र्याच्या खोल्या झाडून घेतल्या, गाद्या भाड्यानं आणल्या, टीव्ही लावला. आणि मग एका संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन म्हणाले, "रंगीत तालीम घ्यावी लागंल. तुमी समदे खासदार."

कट्ट्यावर आम्ही मोजके म्हातारे. त्यात वसंतराव, म्हणजे शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, रविवारी मटण नसेल तर सोमवारी भांडणारे. आणि करीमभाई टेलर. करीमभाई म्हणाले, "अप्पा, मैं टेलर हूँ. मेरेकू खासदारी नक्को." अप्पा म्हणाले, "शिस्तीत घ्या, करीमभाई. तुमाला कृषी खातं दिलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपमध्ये बसलो, मोबाईल डब्यात गेले, डबा काकूंच्या मांडीवर, आणि अप्पा पुढच्या सीटवर मान वळवून आमच्यावरून बोट फिरवत. मी का गेलो म्हणाल, तर बायको म्हणाली होती, दोन दिवस घर मोकळं राहील.

अर्धापूरच्या त्या बागेत आम्ही जे केळं खाल्लं ते आयुष्यात परत खाणार नाही. सकाळी केळं. दुपारी भाकरी, वरण आणि कच्च्या केळ्याची भाजी. चार वाजता केळ्याचे वेफर. संध्याकाळी शिकरण, ते झालं की पचायला केळं. वसंतरावांनी मटणाचा विषय काढला तेव्हा अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून डोळे मिटले. वसंतराव पेटले. म्हणाले, "मी स्वतंत्र गट स्थापन करतोय." अप्पांनी त्यांना कारणे दाखवा नोटीस तोंडी बजावली. वसंतरावांनी कारण तोंडीच दाखवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

अप्पा मात्र खुशीत होते. दारात खाट, हातात टॉर्च, शर्टाच्या खिशात फोन. आमच्या प्रत्येकाला नावामागं "माननीय" लावून हाक मारायचे. दर अर्ध्या तासानं फोन काढायचे, पुसायचे, रेंज बघायचे, परत ठेवायचे. टीव्हीवरच्या बाईनं "सूत्रांच्या माहितीनुसार" म्हटलं की कान टवकारायचे. मला त्यांची दया यायला लागली होती आणि दया आली की मला राग येतो. मी म्हणालो, "अप्पा, आता मोठमोठी हॉटेलं आहेत, काळ्या कपड्यातले पैलवान आहेत. तुम्हाला कोण बोलावतंय." ते म्हणाले, "पैलवानाला मानूस मोजता येतंय का, कंट्रोलर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला केळं आलं आणि वसंतराव फुटले. संडासला म्हणून गेले ते सरळ बागेत घुसले. आता केळीची बाग ज्यानं पाहिलीय त्याला कळेल, तिच्यात चारी बाजूंनी एकच दिसतं. वसंतरावांना रस्त्याला लागून अर्धापूरच्या खानावळीत जायचं होतं. बराच वेळ ते पानं बाजूला सारत चालत होते. इकडं अप्पा पांढरेफटक पडलेले. "गेला," म्हणाले, "तालमीत बी गेला."

तेवढ्यात पानं हलली आणि वसंतराव बाहेर आले. एकटे नव्हते. त्यांच्या मागं एक माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेली, अंगावर केळीच्या चिकाचे डाग.

"मी बाहेर जायला निघालो होतो," वसंतराव धापा टाकत म्हणाले, "हे आत येत होते."

त्या माणसानं टॉवेल काढला. टीव्हीवर नेमकी त्याच वेळी त्याची बातमी चालू होती, खासदार दिगंबरराव रिसॉर्टवरून बेपत्ता, दिल्लीच्या विमानतळावर दिसल्याची चर्चा. करीमभाईंनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

दिगंबरराव हैदराबादच्या बाजूला याच बागेतली केळी खाली करून परत येणाऱ्या ट्रकमध्ये बसून आले होते. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, अप्पांनी बागेत सहल ठेवलीय. "अप्पा," ते म्हणाले, "तिकडं बंडवाल्यांनी कोंडून ठेवलं. इकडं आलो की पक्षवाले कोंडतील. घरी गेलो तर बायको म्हणते मंत्रिपद मिळत असंल तर घ्या. कुणीच विचारीना तुला काय वाटतंय म्हणून. विचारलं तरी मला आता सुचायचं न्हाई. मला फकस्त झोपायचंय." असं म्हणून त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि आपणहून अप्पांच्या हातात द्यायला लागले.

अप्पांनी घेतला नाही. "ठिवा तुमच्यापाशी," म्हणाले. मग काकूंना हाक मारली, "भाकरी टाका. आन् भाजी तुमच्या मनानं करा."

काकूंनी वांगं केलं. खासदार जेवले. दोनदा मागून घेतलं. टीव्हीवर ते आता विमानात बसले होते. जेवण झाल्यावर पडवीत अप्पांच्याच खाटेवर आडवे झाले आणि डोकं टेकायचा अवकाश, झोपले. आम्ही सगळे पाय न वाजवता आत येऊन बसलो आणि एकमेकांकडं बघायला लागलो. प्रत्येकाच्या मनात एकच. अख्खा देश ज्याला शोधतोय तो माणूस अप्पांच्या खाटेवर आहे. अप्पांनी नुसतं एक बटण दाबलं तरी कंधारचा डाग धुऊन निघतो.

बटण दाबावं लागलं नाही. अप्पांचा फोन वाजला.

अप्पा उभे राहिले. शर्ट खाली ओढला, टोपी सरळ केली. कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. जिल्हाध्यक्ष होते.

"अप्पा, कसे आहात? किती दिवस झाले बोलून."

"बरं हाय सायेब."

"अप्पा, पक्ष अडचणीत आहे. दिगंबर आपल्या भागात आलाय अशी खबर आहे. तुम्ही त्याला जुने ओळखता. हे काम पोरासोरांचं नाही, तुमच्यासारख्या माणसाचं आहे. पक्षाला आज तुमची गरज आहे, अप्पा."

शब्द न् शब्द तोच. ज्यासाठी साबणाच्या खोबणीत फोन ठेवला होता तेच वाक्य. अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड उघडलं. पडवीतून खासदारांच्या घोरण्याचा आवाज आला, चांगला दणदणीत. वसंतरावांनी प्रसंग ओळखून मोठ्यानं खोकायला सुरुवात केली.

अप्पांनी एकदा पडवीकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाई सायेब. हिकडं कुनी आलं न्हाई. आमची म्हाताऱ्या मान्सायची सहल हाय, केळं खायाला आलाव."

"नक्की ना अप्पा?"

"नक्की सायेब. मी मोजलेत."

फोन ठेवला आणि कोणाकडं न बघता ते बाहेर गेले.

पुढचं काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. दिगंबरराव संध्याकाळी उठले, चहा प्याले आणि आपल्या पायांनी दिल्लीला गेले. मत त्यांनी त्यांना वाटलं तिकडं दिलं. ते मोजण्यातसुद्धा फारसं आलं नाही, सरकार त्यांच्या मताशिवायच निवांत तरलं. ते कुठं झोपले होते हे मात्र पक्षाला कळलं आणि शिस्तभंग केला म्हणून मन्मथप्पांना पक्षातून सहा वर्षांसाठी काढून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्तीत घ्या म्हणणारा माणूस. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी अप्पांच्या मागं गेलो होतो ते सांगायचंय.

पडवीला लागून पाण्याच्या मोटारीची खोली आहे. अप्पा तिच्या उंबऱ्यावर बसले होते. मला इतका राग आला होता की काय सांगू. म्हणालो, "अप्पा, वेडे आहात का तुम्ही? एवढी वर्षं ज्या फोनची वाट बघितली, तो आला आणि तुम्ही खोटं बोललात. कोण लागतो तो तुमचा?"

"सायेब लई गोड बोलले," अप्पा म्हणाले. "अप्पा अप्पा म्हनले."

"मग सांगायचं होतं."

"सांगनारच व्हतो. नाव जिभेवर आल्तं. तेवढ्यात त्यो घोरला बघा."

मला काही कळेना. मी शेजारी बसलो.

"कंट्रोलर," ते म्हणाले, "माझ्या सहलीत किती मेंबर येऊन गेले. नाव घ्याल त्यो. त्यायला गादी द्या, कूलर द्या, एक बी झोपत नव्हता. डोळे सताड उघडे. ते आत जागे आन् मी दारात जागा. सकाळी कुनी माझ्याकडं बघत बी नव्हतं. मला वाटायचं, पुढारी लोकायला झोपच नसती." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "ह्यो आपल्या मनानं आला. जेवला आन् झोपून राहिलाय. माझ्या दारात असा पयलाच."

मी या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली, आजही करतो, पण त्या क्षणी तो मला फार जवळचा वाटला.

तेवढ्यात मोटारीची लाईट आली. आत भिंतीवरचा दिवा लागला. शेतीची लाईट ठरावीक वेळापुरतीच येते, केळीला त्यातच पाणी द्यायचं असतं, आणि ऊन तर असं होतं की पानं मधोमध मिटली होती. मी उठून स्टार्टरच्या बटणाकडं हात नेला. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"नगं," ते अगदी हळू म्हणाले. "मोटार लई आवाज करती. उठंल त्यो."

मी हात मागं घेतला. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून राहिलो. लाईट तिच्या वेळेपर्यंत होती, मग गेली. अप्पांनी मोटार चालू केली नाही.